चक्रीवादळानंतर घराची सुरक्षित दुरुस्ती व पुनर्बांधणी : अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी संदर्भलेख

अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा सहा महिन्यांचा असतो. टेक्सास, फ्लॉरिडा, जॉर्जिया, कॅरोलिना आणि न्यू जर्सी या राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या सहा महिन्यांचा अर्थ अनुभवाने कळला आहे. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले. २५ ऑगस्ट २०१७ रोजी हार्वी टेक्सासमध्ये उतरले आणि पुढील काही दिवस तेथेच रेंगाळले. नेदरलँड या गावी ६० इंचांहून अधिक पाऊस नोंदला गेला. २८ सप्टेंबर २०२२ रोजी इयान नैर्ऋत्य फ्लॉरिडावर आले. २०२४ मध्ये तर २६ सप्टेंबरला हेलीन आणि अवघ्या तेरा दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन अशी दोन वादळे फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर धडकली.

वादळाने होणारे नुकसान एका रात्रीचे असते. त्यानंतरच्या घाईतून होणारे नुकसान मात्र अनेक महिने पुरते. ओली भिंत तशीच बंद केली जाते, अनोळखी कंत्राटदाराच्या हाती मोठी रक्कम दिली जाते, परवान्याशिवाय काम सुरू होते, पुरावे नोंदवण्यापूर्वीच सामान फेकले जाते. परदेशात आलेल्या बहुतेक कुटुंबांची आयुष्यभराची बचत त्यांच्या घरातच गुंतलेली असते. म्हणून घरी परतल्याच्या पहिल्या तासापासून नव्या छपरापर्यंतची कामे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या सावधगिरीने करावीत, याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

घरात पाऊल ठेवण्यापूर्वी

स्थानिक प्रशासनाने परतण्याची परवानगी दिल्यावरच परतावे, आणि शक्यतो दिवसाउजेडी परतावे. घराभोवती एक फेरी मारून पाया खचला आहे का, भिंत कललेली आहे का, छपराचा भाग लोंबकळत आहे का, हे बाहेरूनच पाहावे. जमिनीवर पडलेली विजेची तार जिवंत आहे असेच समजावे आणि तिच्यापासून किमान ३५ फूट दूर राहावे. साचलेल्या पाण्यात तार पडली असेल, तर ते पाणीही तितकेच धोक्याचे असते.

दार उघडताच गॅसचा वास आला किंवा फुसफुस आवाज आला, तर आत जाऊ नये, विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये आणि दूर जाऊन गॅस कंपनीला व ९११ ला कळवावे. अनेक दिवसांनी घरी आल्यावर प्रथम देवापाशी दिवा लावण्याची आपली स्वाभाविक इच्छा असते. परंतु गॅसची तपासणी झाल्याखेरीज घरात काडी ओढू नये. उजेडासाठी विजेरी वापरावी, आणि तीही दाराबाहेरच सुरू करावी.

विजेच्या ब्रेकरची पेटी गाठण्यासाठी पाण्यातून जावे लागत असेल, तर तिला हात लावू नये. वीज कंपनीकडून पुरवठा बाहेरूनच तोडून घ्यावा. पाणी भिंतीवरील सॉकेटपर्यंत पोहोचले असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. पाण्यात बुडालेले ब्रेकर, सॉकेट आणि स्विच वरवर सुकलेले दिसले तरी आतून गंजतात, विशेषतः समुद्राच्या खाऱ्या पाण्याने. ते पुसून वापरण्याऐवजी बदलावेत.

विद्युत मोटारींबाबत एक स्वतंत्र इशारा आवश्यक आहे. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या लिथियम बॅटऱ्या काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही, अचानक पेट घेतात. इयाननंतर फ्लॉरिडात अशा आगी लागल्या. बुडालेली विद्युत मोटार चार्जरला जोडू नये, सुरू करू नये आणि गॅरेजमध्ये ठेवू नये. घरापासून व इतर वाहनांपासून किमान ५० फूट अंतरावर ती नेऊन ठेवण्याची व्यवस्था करावी. विजेवर चालणाऱ्या सायकली आणि स्कूटर यांनाही हाच नियम लागू आहे.

जनरेटर आणि अदृश्य विष

२०२४ च्या जुलैमध्ये बेरिल हे पहिल्या श्रेणीचेच वादळ टेक्सासमध्ये आले, तरी ह्यूस्टन परिसरातील वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि अनेक घरांत ती कित्येक दिवस आली नाही. अशा वेळी जनरेटर घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर ठेवावा आणि त्याच्या धुराचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला असावे. गॅरेजचे दार उघडे ठेवून आत जनरेटर चालवणे सुरक्षित नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, चक्कर आणि मळमळ या खुणा कळेपर्यंत माणूस उठण्याच्या स्थितीत राहत नाही. कोळशाची शेगडी किंवा अंगणातील ग्रिल घरात आणून स्वयंपाक करणे हाही तोच धोका आहे. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा सूचक प्रत्येक झोपण्याच्या जागेजवळ असावा. जनरेटर भिंतीतील सॉकेटला उलट जोडून संपूर्ण घरात वीज खेळवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ती वीज बाहेरच्या तारांत जाते आणि दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा जीव घेऊ शकते.

आधी नोंद, मग सफाई

घर सुरक्षित ठरल्यावर पहिले काम छायाचित्रांचे. प्रत्येक खोलीचे चारही बाजूंनी चित्रण करावे. भिंतीवर पाण्याने सोडलेली रेघ मोजपट्टी धरून टिपावी. शीतपेटी, धुलाईयंत्र, वातानुकूलन यंत्र यांच्या पाठीवरील क्रमांक टिपावेत. गालिचा अथवा भिंतीचे आवरण फेकावेच लागले, तर त्याचा एक तुकडा नमुना म्हणून जपून ठेवावा.

ही नोंद इतकी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी अमेरिकेतील विम्याची रचना लक्षात घ्यावी लागते. घराच्या सर्वसाधारण विम्यात वाऱ्याने झालेले नुकसान सहसा येते, पुराचे येत नाही. वाऱ्याने छप्पर उचकटले आणि त्या भगदाडातून पाऊस आत आला, तर तो वाऱ्याचा दावा. रस्त्यावरचे, नाल्यातले किंवा समुद्राचे पाणी जमिनीवरून चढून आत आले, तर तो पूर; त्यासाठी वेगळी पॉलिसी हवी. एकाच घरात एकाच रात्री दोन्ही घडू शकते, आणि मग कोणते नुकसान कोणत्या पॉलिसीत बसते यावरून वाद होतो. त्या वादात आपल्या बाजूने बोलतात ती छपरातील भगदाडाची आणि भिंतीवरील पाण्याच्या रेघेची छायाचित्रे. टेक्सासच्या किनारी जिल्ह्यांत वाऱ्याचा विमाही सर्वसाधारण पॉलिसीतून वगळलेला असू शकतो आणि तो टेक्सास विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशनकडून वेगळा घ्यावा लागतो.

पुराचा विमा बहुतांशी १९६८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पूरविमा योजनेतून मिळतो. त्यात घराच्या बांधकामासाठी कमाल २,५०,००० डॉलर आणि सामानासाठी कमाल १,००,००० डॉलर इतके संरक्षण घेता येते. सामानाचे संरक्षण आपोआप मिळत नाही, ते मागून घ्यावे लागते. या योजनेत दुसरीकडे राहण्याचा खर्च मिळत नाही. नुकसानीचे शपथेवरील विवरण साधारणतः ६० दिवसांच्या आत द्यावे लागते. मोठ्या आपत्तीनंतर ही मुदत कधी वाढवली जाते, पण वाढेल असे गृहीत धरू नये. फ्लॉरिडात घराच्या विम्याचा नवा दावा नुकसानीच्या तारखेपासून एका वर्षात, आणि आधीच्या दाव्यातील पुरवणी दावा अठरा महिन्यांत दाखल करावा लागतो.

डिडक्टिबल, म्हणजे दाव्यातील आपण स्वतः सोसावयाची रक्कम, चक्रीवादळासाठी वेगळी असते आणि बहुधा टक्केवारीत असते. ही टक्केवारी नुकसानीची नसून विमा उतरवलेल्या रकमेची असते. घराचा विमा ४,००,००० डॉलरचा आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर पहिले ८,००० डॉलर आपले. पॉलिसीचे पहिले पान आजच उघडून हा आकडा पाहून ठेवावा.

नुकसान वाढू नये यासाठी वाजवी उपाय करणे ही विमाधारकाची जबाबदारी मानली जाते. विमा कंपनीचा माणूस येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. छपरावर ताडपत्री घालावी, पाणी उपसावे, ओले सामान बाहेर काढावे. प्रत्येक खर्चाची पावती ठेवावी. ताडपत्रीसाठी स्वतः छपरावर चढण्याचा मोह टाळावा. ओल्या छपरावरून आणि शिडीवरून पडून होणाऱ्या दुखापती वादळानंतरच्या नेहमीच्या दुखापतींपैकी आहेत.

पाणी उपसणे आणि घर सुकवणे

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क येथील घरांना तळघर असते. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाच्या अवशेषांनी याच भागातील तळघरे पाण्याने भरून टाकली. बाहेरची जमीन पाण्याने संपृक्त असताना तळघर एका दमात रिकामे केले, तर बाहेरील मातीचा व पाण्याचा दाब भिंती आत ढकलतो. म्हणून दररोज साधारण एक तृतीयांश पाणीच काढावे आणि पातळी पुन्हा वाढत नाही ना, हे पाहावे.

पुराचे पाणी स्वच्छ नसते. त्यात मैला, तेल, कीटकनाशके आणि प्राण्यांचे मूत्र मिसळलेले असते. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील प्रलयानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, हे आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. तोच धोका येथेही संभवतो. फ्लॉरिडाच्या किनारी पाण्यात आढळणारा व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू उघड्या जखमेतून शिरल्यास प्राणघातक ठरू शकतो. रबरी बूट, जाड हातमोजे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि एन-९५ मुखपट्टी हा सफाईचा किमान पोशाख आहे. जखम झाल्यास ती तत्काळ धुऊन डॉक्टरांना दाखवावी आणि धनुर्वाताच्या लशीची तारीख तपासावी.

ओल्या घरात २४ ते ४८ तासांत बुरशी वाढू लागते. अमेरिकेतील घरांच्या आतील भिंती लाकडी चौकटीवर बसवलेल्या ड्रायवॉलच्या असतात. ड्रायवॉल म्हणजे कागदाच्या दोन थरांमधील जिप्सम; ते पाणी टीपकागदासारखे वर शोषून घेते. म्हणून पाण्याची रेघ एक फुटावर असली, तरी ओल त्याहून वर गेलेली असते. रेघेच्या वर किमान एक-दोन फुटांपर्यंत ड्रायवॉल कापून काढावे. प्रत्यक्षात बरेच कारागीर चार फुटांवर कापतात, कारण ड्रायवॉलचा तक्ता चार फूट रुंद असतो आणि नवा तक्ता आडवा नेमका बसतो. भिंतीतील भिजलेले कापसासारखे इन्सुलेशन सुकत नाही, ते टाकूनच द्यावे. भिजलेले गालिचे, त्याखालील फोम, गाद्या आणि दाबलेल्या भुश्शाचे फर्निचर यांचीही तीच गत.

मोकळी केलेली लाकडी चौकट धुऊन, पंखे आणि आर्द्रता शोषणारी यंत्रे लावून सुकवावी. हवा बाहेरून दमट असेल, तर खिडक्या उघडून उपयोग होत नाही. त्या बंद करून यंत्र चालवावे. बुरशी आधीच दिसत असेल, तर पंखे लावू नयेत, कारण त्याने तिचे कण घरभर पसरतात. वातानुकूलनाच्या नळ्यांत पाणी गेले असल्यास त्या स्वच्छ होईपर्यंत ते यंत्रही सुरू करू नये.

भिंत बंद करण्याची वेळ डोळ्यांनी किंवा हात लावून ठरवू नये. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण मोजणारे साधे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळते. हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांच्या खाली आल्याखेरीज नवे ड्रायवॉल बसवू नये. याला काही आठवडे लागू शकतात. “चार दिवसांत घर नवे करून देतो” असे सांगणारा कंत्राटदार बहुधा ही पायरी वगळत असतो, आणि सहा महिन्यांनी नव्या रंगामागून येणाऱ्या कुबट वासाने ते उघड होते.

कडक, पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागांवरील बुरशी साबणाच्या पाण्याने घासून काढावी. ब्लीच वापरायचे असल्यास एक गॅलन पाण्यात एक कपापेक्षा अधिक घालू नये, आणि ते अमोनिया किंवा दुसऱ्या कोणत्याही स्वच्छकाशी मिसळू नये. त्यातून विषारी वायू निर्माण होतो. दमा असलेली माणसे, गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि भारतातून काही महिन्यांसाठी राहायला आलेले वृद्ध आई-वडील यांना या कामापासून आणि या घरापासून दूर ठेवावे. मदतीला हात हवेत हे खरे, पण बुरशीच्या घरात त्यांचे हात नकोत.

घर १९७८ पूर्वीचे असेल, तर रंगात शिसे असण्याची शक्यता असते. जुन्या फरशीत व छताच्या थरात अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकते. अशा घरात तोडफोड करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी आणि शिशाचे काम करण्याचे प्रमाणपत्र असलेल्या कंत्राटदारालाच काम द्यावे.

स्वयंपाकघर

पुराचे पाणी लागलेल्या स्वयंपाकघरात काय ठेवावे, याबाबत भावना आड येतात. पोलादी, काचेची व चिनी मातीची भांडी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन ब्लीचच्या अगदी सौम्य द्रावणात निर्जंतुक करता येतात. पोळपाट-लाटणे, लाकडी पळ्या आणि लाकडी चिराफळे मात्र टाकून द्यावीत, कारण लाकडाच्या छिद्रांत शिरलेली घाण निघत नाही. फिरकीच्या किंवा दाबून बसवण्याच्या झाकणांचे डबे आणि बरण्या पाण्यात बुडाल्या असतील, तर त्यांतील धान्य, पीठ, मसाले व लोणची टाकावी लागतात. झाकणाच्या कडेतून पाणी शिरलेले असते. आईने पाठवलेला गोडा मसाला असला तरी नियम बदलत नाही. वीज गेल्यापासून चार तासांहून अधिक काळ बंद राहिलेल्या शीतपेटीतील दूध, शिजवलेले अन्न आणि मांस वापरू नये.

परवाने आणि पन्नास टक्क्यांचा नियम

आवरणे काढणे, सुकवणे आणि ताडपत्री घालणे या तातडीच्या कामांना सहसा परवाना लागत नाही. छप्पर, वीज, नळ, वातानुकूलन आणि बांधकामाच्या सांगाड्याशी संबंधित कामांना मात्र शहर किंवा काउंटीचा परवाना लागतो. परवान्याशिवाय झालेले काम पुढे घर विकताना, कर्ज बदलताना आणि पुढचा दावा करताना अडथळा ठरते.

पुराच्या अधिकृत नकाशात अ किंवा व्ही या अक्षरांनी दर्शवलेल्या धोक्याच्या क्षेत्रात घर असेल, तर एक नियम आधीच माहीत हवा. घर पूर्ववत करण्याचा खर्च नुकसानीपूर्वीच्या बाजारभावाच्या ५० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर संपूर्ण घर आजच्या पूरनियमांनुसार करावे लागते. प्रत्यक्षात याचा अर्थ अनेकदा घर उचलून अधिक उंचीवर बसवणे किंवा पाडून नव्याने बांधणे असा होतो. येथे बाजारभाव केवळ इमारतीचा धरतात, जमिनीचा नव्हे. समजा घर व जमीन मिळून ५,००,००० डॉलरची आहे, पण इमारतीचे मूल्य २,००,००० डॉलर आहे. तर १,००,००० डॉलरच्या दुरुस्तीलाच हा नियम लागू होतो. इयान आणि हेलीननंतर फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील अनेक घरमालकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. स्थानिक परवाना कार्यालयाने ठरवलेले मूल्य कमी वाटल्यास खासगी मूल्यांकनकाराचा अहवाल सादर करता येतो. पूरविम्यात अशा सक्तीच्या बदलांसाठी ३०,००० डॉलरपर्यंतची स्वतंत्र तरतूद असते. ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

कंत्राटदाराची निवड

वादळ ओसरताच परराज्यांच्या क्रमांकाच्या गाड्या वस्तीत फिरू लागतात. त्यांतील सर्वच लबाड नसतात. परंतु दार ठोठावून “आजच सही करा” म्हणणाऱ्याला नकार देणे हेच योग्य. किमान तीन लेखी अंदाज घ्यावेत. परवान्याचा क्रमांक, कामगारांचा विमा आणि दायित्वाचा विमा कागदावर पाहावा. फ्लॉरिडात कंत्राटदाराचा परवाना राज्याच्या व्यवसाय नियमन विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. टेक्सासमध्ये सर्वसाधारण बांधकाम कंत्राटदाराला राज्याचा परवाना लागतच नाही. तेथे इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि वातानुकूलन तंत्रज्ञ यांचे परवाने असतात. म्हणजे टेक्सासमध्ये पूर्वीची कामे प्रत्यक्ष पाहणे आणि त्या घरमालकांशी बोलणे अधिक आवश्यक ठरते.

आगाऊ रकमेबाबत कायदे आपल्या बाजूचे आहेत. टेक्सासमध्ये आपत्तीग्रस्त भागात बाहेरून आलेल्या कंत्राटदाराला काम सुरू करण्यापूर्वी पैसे मागता येत नाहीत. फ्लॉरिडात एकूण किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक आगाऊ घेतल्यास त्याला ३० दिवसांत परवान्यासाठी अर्ज आणि परवाना मिळाल्यापासून ९० दिवसांत काम सुरू करावे लागते. पैसे टप्प्याटप्प्याने, झालेल्या कामापुरतेच द्यावेत. रोख देऊ नये. “डिडक्टिबल आम्ही भरतो” असे आमिष दाखवणाऱ्याला दूरच ठेवावे. टेक्सासमध्ये अशी सूट देणे बेकायदा आहे. विम्याचे हक्क कंत्राटदाराच्या नावे करून देणारा कागद फ्लॉरिडात १ जानेवारी २०२३ नंतरच्या पॉलिसींसाठी अवैध ठरवण्यात आला आहे.

आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. आपण मुख्य कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले, पण त्याने लाकूड विक्रेत्याचे किंवा पोटकंत्राटदाराचे पैसे थकवले, तर ते आपल्या घरावर बोजा चढवू शकतात. म्हणून प्रत्येक हप्त्याच्या वेळी त्या टप्प्यातील सर्वांकडून बोजा सोडल्याचा लेखी दाखला घ्यावा. सरकारी निरीक्षणात काम उत्तीर्ण झाल्यावरच अखेरचा हप्ता द्यावा.

विमा कंपनीशी बोलणी करण्यासाठी आपण सार्वजनिक दावा-समायोजक नेमू शकतो. त्याचे शुल्क टेक्सासमध्ये दाव्याच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि फ्लॉरिडात आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीच्या दाव्यांत पहिल्या वर्षी १० टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. छप्पर दुरुस्त करणारा माणूस आणि दाव्याची बोलणी करणारा माणूस एकच असू नये.

पूर्वीपेक्षा मजबूत

२४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लॉरिडातील हजारो घरे उद्ध्वस्त केली, तेव्हा तपासणीत आढळले की अनेक छपरांचे तक्ते नीट ठोकलेलेच नव्हते. काही पिना खालच्या लाकडाला लागल्याच नव्हत्या. त्या धड्यातून पुढे राज्यभर एकच बांधकाम संहिता आली आणि ती २००२ मध्ये लागू झाली. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, की दाब चौपट होतो.

छप्पर उघडलेच आहे तर तीन गोष्टी त्याच वेळी करून घ्याव्यात. तक्ते आटेदार खिळ्यांनी आणि जवळ अंतरावर पुन्हा ठोकावेत. तक्त्यांमधील फटी चिकट पट्टीने बंद कराव्यात, म्हणजे वरचे आवरण उडाले तरी पाणी आत येत नाही. छपराच्या कैच्या भिंतीला धातूच्या पट्ट्यांनी बांधून घ्याव्यात. विमा व गृहसुरक्षा संशोधन संस्थेचे फोर्टिफाइड नावाचे मानक याच तत्त्वांवर आधारलेले आहे आणि ते पाळल्यास काही राज्यांत विम्याच्या हप्त्यात सवलत मिळते.

गॅरेजचे रुंद दार हा घराचा सर्वांत दुबळा भाग असतो. ते आत दबले, की वारा घरात शिरून छपराला आतून वर ढकलतो. वाऱ्याच्या दाबासाठी प्रमाणित दार बसवणे हे तुलनेने स्वस्त आणि परिणामकारक काम आहे. पुराच्या क्षेत्रात खालच्या भागात सिमेंटचे तक्ते, फरशी आणि बंद पेशींचे फोम इन्सुलेशन वापरावे. पाणी तापवण्याचे यंत्र, ब्रेकरची पेटी आणि वातानुकूलनाचे बाहेरील यंत्र अपेक्षित पूरपातळीच्या वर बसवावे.

सरकारी मदत आणि व्हिसाचा प्रश्न

राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर करून वैयक्तिक मदत मंजूर केल्यावर फेमाकडे अर्ज करता येतो. मुदत साधारणतः ६० दिवसांची असते. विमा असल्यास त्याचा दावा आधी करावा, कारण एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मिळत नाही. पहिला नकार हा बहुधा अपुऱ्या कागदपत्रांचा असतो आणि त्यावर ६० दिवसांत अपील करता येते. फेमाचा निरीक्षक छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवतो आणि कधीही पैसे मागत नाही. लघुउद्योग प्रशासनाकडून घरमालकांना दुरुस्तीसाठी ५,००,००० डॉलरपर्यंत आणि सामानासाठी १,००,००० डॉलरपर्यंत आपत्ती कर्ज मिळू शकते. नाव लघुउद्योगाचे असले तरी ते घरांसाठीही आहे.

फेमाची रोख मदत नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसह ठरावीक वर्गांना मिळते. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना ती स्वतःच्या नावे मिळत नाही. मात्र त्याच घरात राहणारे अल्पवयीन अपत्य अमेरिकन नागरिक असेल, तर पालक त्या मुलाच्या वतीने अर्ज करू शकतात. येथे जन्मलेली मुले असलेल्या अनेक मराठी कुटुंबांना हा मार्ग माहीत नसल्याने ती अर्जच करीत नाहीत. निवारा, अन्न, पाणी अशी तातडीची मदत सर्वांना खुली असते. नियम बदलू शकतात. अर्जापूर्वी त्या वेळची पात्रता पाहावी आणि शंका असल्यास इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा.

घर राहण्यायोग्य न उरल्याने मुक्काम हलवला असेल, तर नागरिक नसलेल्यांनी नवा पत्ता १० दिवसांत एआर-११ या अर्जाद्वारे इमिग्रेशन खात्याला कळवावा. भारतीय पासपोर्ट नष्ट झाल्यास टेक्सासमधील रहिवाशांनी ह्यूस्टन येथील, तर फ्लॉरिडा व जॉर्जियातील रहिवाशांनी अटलांटा येथील भारतीय वाणिज्य दूतावासाच्या कार्यपद्धतीने नव्यासाठी अर्ज करावा. भिजलेली मूळ कागदपत्रे आणि छायाचित्रे लगेच सुकवता येत नसतील, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून शीतपेटीच्या गोठणकप्प्यात ठेवावीत. त्याने बुरशी थांबते आणि नंतर सावकाश सुकवता येते. गावाकडचा सातबारा उतारा आता महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो. जुने खरेदीखत मात्र मूळ प्रतीतच जपावे लागते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की घरमालकाचा विमा भाडेकरूच्या सामानाला लागू होत नाही आणि भाडेकरूच्या सर्वसाधारण पॉलिसीतही पूर येत नाही. सामानापुरती पूरविमा पॉलिसी भाडेकरूलाही घेता येते.

पुढच्या हंगामापूर्वी

हार्वीत नकाशावरील धोक्याच्या क्षेत्राबाहेरची असंख्य घरेही बुडाली. त्यांपैकी अनेकांना बँकेने पूरविम्याची सक्ती केलेली नव्हती, म्हणून त्यांनी तो घेतला नव्हता. राष्ट्रीय योजनेची नवी पॉलिसी सहसा ३० दिवसांनी लागू होते. वादळाला नाव मिळाल्यावर ती घेऊन उपयोग नाही. एप्रिल संपण्यापूर्वी पॉलिसी घ्यावी, घराच्या प्रत्येक खोलीचे चित्रण करून ते घराबाहेर सुरक्षित ठिकाणी साठवावे, महत्त्वाच्या कागदांच्या प्रती भारतातील एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडे पाठवाव्यात, आणि ज्याचे काम शेजाऱ्यांनी पाहिले आहे अशा स्थानिक छप्पर-कारागिराचा क्रमांक आधीच लिहून ठेवावा.